साने गुरुजींची मुले

तळवली असो की अमळनेर, जुने सोबती भेटले की मास्तरांची आठवण निघतेच.

साने गुरुजी मूळचे आपल्या कोकणातले, पालगडचे. ते खानदेशात अमळनेरला गेले. १९२४ साली तिथल्या प्रताप हायस्कुलात मास्तर झाले. पुढे वसतिगृहही त्यांच्याकडे आले. एखाद्याची खोली घाण दिसली, तरी गुरुजी रागावत नसत. मुलगा बाहेर गेला की स्वतः झाडून काढीत. मळके कपडे धुऊन वाळत घालीत. मुलगा येऊन बघतो तो काय, सगळे लख्ख! मुले ओशाळली. हळूहळू आपली कामे आपण करू लागली.

मुलांना वाचायला मिळावे म्हणून गुरुजी हाताने लिहून दैनिकही काढीत. रोज, बरं का!

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले.

गुरुजी आमचे कपडे धूत, हे त्यांचे विद्यार्थी म्हातारपणीही सांगत.