घरगुती प्रकाश आणि विजेची काटकसर

तापलेल्या तारेचा जुना दिवा विजेचा अल्प अंशच प्रकाशात रूपांतरित करतो. उर्वरित वीज उष्णतेत वाया जाते. असा ६० वॅटचा दिवा रोज ५ तास लावल्यास ३० दिवसांत ९ युनिट वीज खर्ची पडते. जवळपास तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा केवळ १.३५ युनिट घेतो. चार दिवे बदलल्यास महिन्याकाठी सुमारे ३० युनिट वाचतात.

बेळगाव-निपाणी परिसरात या बचतीस विशेष महत्त्व आहे. कर्नाटक शासनाने २०२३ मध्ये सुरू केलेल्या गृहज्योती योजनेत मासिक वापर २०० युनिटांपलीकडे गेल्यास संपूर्ण देयक ग्राहकास भरावे लागते. म्हणून ज्या दिव्याखाली विड्या वळण्याचे काम उशिरापर्यंत चालते, तो प्रथम बदलणे हितावह होय.