नवशिक्या चालकास दोन शब्द

वाहन चालविण्याच्या विद्येत हातापायांपेक्षा दृष्टीस अधिक काम असते. धोका समोर उभा राहण्यापूर्वीच त्याची चाहूल घेणे, हीच खरी सावधगिरी होय. रस्त्याच्या कडेस एस. टी. गाडी उभी दिसली, की तिच्यापुढून एखादे मूल धावत येईल, असे धरूनच चालावे. ते मूल कदाचित आपल्याच शाळेचे असेल.

आता थोडे गणित पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. मूल दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत बहुधा इतका वेळ जातोच. वेग ३० वर आणल्यास हे अंतर निम्मे होते, व ब्रेक लागल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर तर सुमारे चौथाईवर येते. पहिल्या पावसात धूळ व तेल यांनी रस्ता निसरडा होतो. तेव्हा वेग याहूनही कमी ठेवावा.

विद्यार्थी मित्रहो, १९८८ च्या कायद्याप्रमाणे मोटार चालविण्यास १८ वर्षे पुरी व्हावी लागतात. पालकांनीही तत्पूर्वी मुलांच्या हाती किल्ली देऊ नये. उशिरा पोहोचल्याची क्षमा मागता येते. गेलेला जीव परत मागता येत नाही.