भित्रा कोणाला म्हणावे?

माउली हो, घाबरटाला आपण भित्रा म्हणतो, भेकड म्हणतो, भागूबाईही म्हणतो. ‘भित्रा’ शब्द भिणे या क्रियापदाचा. मूळ संस्कृत ‘भी’ धातू. भय, भीती, भीरू ही त्याचीच लेकरे. पण त्याच कुळातला ‘पापभीरू’ मात्र आपण आदराने उच्चारतो. तेव्हा कशाला भ्यायचे, हे आधी पाहावे.

कागल पंचतारांकित एमआयडीसीत एखादा माळकरी कामगार जाळी काढलेल्या यंत्रात हात घालीत नाही. सोबती हसतात, “भित्रा रे!” आम्ही म्हणतो, तो शहाणा. शेजाऱ्याचे बोट जाईल हे दिसत असून साहेबापुढे जो गप्प राहतो, भित्रा तो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुण ‘अभय’पासून मोजले आहेत. अभय म्हणजे बेपर्वाई नव्हे. खरे बोलताना जीभ न अडखळणे.