छपाईचा डॉट : गोल, चौकोनी की अंडाकृती?

वांद्र्याच्या हिल रोडवर आणि लिंकिंग रोडवर छापील टी-शर्ट रोज विकले जातात. त्यातला फोटो बिघडला की दोष छापणाऱ्या कारागिराच्या माथी येतो. आम्हीही एकदा तेच केले होते.

एका संस्थेने २०० टी-शर्टांवर आपल्या संस्थापकांचा फोटो एका काळ्या रंगात छापून मागितला. माल तयार झाला तर गालावर काजळी फासल्यासारखा डाग! पार्टीने माल परत केला. छापणाऱ्याने रंग जास्त ओढला, असे समजून आम्ही त्याची मजुरी कापली. पुढे एका जुन्या उस्तादांनी भिंगातून फिल्म पाहिली आणि म्हणाले, "शेठ, डॉट चौकोनी आहे, चेहरा कसा उठेल?" फिल्म तर आम्हीच काढून आणली होती.

स्क्रीनमधून रंग एकतर उतरतो किंवा उतरत नाही, फिका उतरत नाही. म्हणून फोटोची छटा लहान-मोठ्या ठिपक्यांत बांधावी लागते. यालाच हाफटोन म्हणतात. मुंबईला हा हुनर जुना आहे. दादासाहेब फाळके १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'पूर्वी हाफटोन ब्लॉकचेच काम करीत.

ठिपका वाढता वाढता शेजाऱ्याला चिकटतो. तिथे छटा एकदम गडद होते. कोणता आकार कुठे चिकटतो, हे ध्यानात ठेवावे.

गोल : सुमारे ७८ टक्क्यांपर्यंत सुटा राहतो. फिक्या छटेला चांगला. पुढे मधली बारीक छिद्रे रंगाने बुजतात आणि गडद भागातले काम जाते.

चौकोनी : ५० टक्क्यांवर चारही कोपरे एकाच वेळी चिकटतात. भांडी, बूट, यंत्र यांना धार देतो. चेहऱ्याला मात्र घातक, कारण गालाची छटा याच्याच आसपास असते.

अंडाकृती : आधी लांब टोके साधारण ४० टक्क्यांवर चिकटतात, मग आखूड बाजू ६० च्या सुमारास. एक मोठा झटका दोन लहान झटक्यांत वाटला जातो. चेहरा, ढग, आकाश यांसाठी हाच घ्यावा.

आकाराबरोबर आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. जाळीचे इंचातले धागे लाईनच्या साडेचार ते पाचपट असावेत. सेंटीमीटरला ९० धाग्यांची जाळी म्हणजे इंचाला सुमारे २३०. तिच्यावर ४५ ते ५० लाईन चालते. एका रंगाच्या कामात कोन २२.५ अंश ठेवावा, नाहीतर जाळीशी भांडण होऊन लहरी उमटतात. शिवाय होजिअरीवर रंग पसरतो. फिल्मवरचा ५० टक्के ठिपका कापडावर ६५ किंवा त्याहूनही जास्त दिसू शकतो. म्हणून मधली छटा आधीच हलकी करून घ्यावी.

सर्वांत उत्तम उपाय म्हणजे तिन्ही आकारांची १० ते ९० टक्क्यांची पट्टी एकदा आपल्याच कापडावर छापून भिंतीला लावणे. खर्च एका फिल्मचा आणि एका स्क्रीनचा, पण शेकडो नगांचे नुकसान टळते.

त्या कारागिराची मजुरी आम्ही नेऊन दिली आणि माफीही मागितली. आता ऑर्डरच्या चिठ्ठीवर डॉट, लाईन, कोन आणि जाळी आम्ही स्वतः लिहून देतो. म्हणजे उद्या माल बिघडला तर चूक कोणाची, हे चिठ्ठीच सांगेल.