अर्ध्या गुणाची कमाई

मे महिन्यातलं नागपूर, सभागृहात कूलरची घरघर. खुल्या स्पर्धेत माझ्याकडे काळी मोहरी. समोर सातवीतला मुलगा, रेटिंग माझ्यापेक्षा दोनशेनं जास्त. त्यानं सी-४ खेळलं, मी सी-५. साडेतीन तासांनी डाव बरोबरीत सुटला. त्यातून गाठीला आलेलं हे:

१. नक्कल म्हणजे उधारी. त्यानं घोडा काढला की मी घोडा, त्यानं उंट कोपऱ्यात बसवला की मीही. दोघांचं कॅसलिंग झालं तेव्हा पट आरशासारखा दिसत होता. पण पांढऱ्याची एक चाल कायम पुढे. सातव्या चालीला त्यानं डी-४ ढकललं आणि वसुली सुरू झाली.

२. आरसा कधी फोडायचा, ते आधी ठरवा. शाळेत असताना पेट्रॉफमध्ये मी हे भोगलंय. दोघांच्या घोड्यांनी राजापुढची प्यादी मारली, पांढऱ्यानं वजीर ई-२ वर आणला. मी घाबरून घोडा मागे घेतला. त्याचा घोडा सी-६ वर गेला, मागून वजिराचा शह बसला आणि माझा वजीर गेला. पाच चालींत खेळ आटोपला.

३. एक प्यादं कमी म्हणजे हार नव्हे. शेवटी एकेक हत्ती, त्याची चार प्यादी, माझी तीन, सगळी एकाच बाजूला. अशी स्थिती बहुधा वाचते. फक्त हत्ती मोकळा फिरता हवा.

४. हक्क मागायची रीत शिका. तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल, तर चाल खेळायची नाही. लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि पंचांना बोलवायचं. पूर्वी एकदा मोहऱ्याला हात लावून बसलो होतो, दावा तिथेच बुडाला. या वेळी हात मांडीखाली ठेवले.

५. अर्ध्या गुणाला हिणवू नका. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा कोनेरू हंपीविरुद्ध अंतिम लढतीतले दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीतच सुटले होते. जलद डावांतला पहिलाही तसाच. दुसरा तिनं काळ्या मोहऱ्यांनी जिंकला.

६. डाव संपला तरी पट आवरू नका. पोरानं मोहरी पुन्हा मांडली. म्हणाला, "काका, सहाव्या चालीला कॅसलिंग कशाला केलं? डी-५ होतं ना!"

खरंच होतं.