कर कामठ्यात, मत कुठे?

प्रश्न : माझे किराणा दुकान कामठ्यात, राहणे गोंदिया शहरात. कर ग्रामपंचायतीला भरतो, तर तिथे मतदान करता येईल का? नाहीतर दुकानदारांचे ऐकणार कोण?
– एक दुकानदार, गोंदिया

उत्तर : कर भरल्याने मताधिकार मिळत नाही, तो नेहमीच्या वास्तव्यावर ठरतो. म्हणून तुमचे मत गोंदिया नगरपरिषदेसाठीच. हा अन्याय वाटेल. पण करावर मत मोजले, तर दहा गाळेवाल्याला दहा मते द्यावी लागतील. दोन्हीकडे नाव नोंदवू नका, ते बेकायदा आहे. मात्र तुमचा आवाज बंद होत नाही. बाजारातले दिवे, नाल्या, कचरा यांविषयी सर्व दुकानदारांचा लेखी अर्ज ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या. कामठ्याचे मतदार असलेल्या दुकानदारांनी तोच विषय ग्रामसभेत मांडावा. त्यांच्यापैकी कोणी निवडणूक लढवणार असेल, तर करथकबाकी आणि ग्रामपंचायतीच्या कंत्राटातील हितसंबंध अपात्र ठरवू शकतात, हे आधी तपासावे.