पाचट जाळू नका, खोडव्यात ठेवा
नीरा डाव्या कालव्याखाली तोड सुरू आहे, रोज कुठला तरी फड पेटलेला दिसतो. सेंद्रियकडे वळायचंय तर आधी काडीपेटी बाजूला ठेवा! एकरी ३-४ टन पाचट निघतं. शेणखत विकत आणायचं अन् हे जाळायचं, हिशोब बसत नाही.

बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढा, बुडखे जमिनीलगत छाटा. पाचटात नत्र जेमतेम अर्धा टक्का. त्यामुळे कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात, खोडवा पिवळा पडतो. म्हणून एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट, ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत पसरून पाणी द्या. प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर युरिया, सुपर चालत नाही; शेणस्लरी भरपूर सोडा. पहिलं पाणी सरीत हळू सरकेल, घाबरू नका.

सगळं रान एकदम सेंद्रिय करू नका, उतारा घटला की माणूस मागे फिरतो. अर्ध्या एकरापासून धरा. क्षारपड रानात आधी चर काढून निचरा करा, नुसत्या पाचटाने ते सुधारत नाही.

खत टाकण्याआधी माती शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्या. सेंद्रिय कर्ब ०.४० च्या खाली आला तर रिपोर्टचा फोटो इथेच पाठवा.